‘फिशफाइंडरच्या साहाय्याने खोली मोजण्यात येईल’ : एका वाक्याची झाडाझडती

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर आज आपण एकच वाक्य घेऊ. ‘जलाशयाची खोली व मत्स्यसाठा यांचे मापन फिशफाइंडरच्या साहाय्याने करण्यात येईल.’ भूगोल, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, सिव्हिल, कोणत्याही विभागातल्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य खपून जातं. वाचायला आधुनिक वाटतं, यंत्राचं नाव आहे, कर्मणी प्रयोग आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही होतं. समितीतल्या एका सरांनी मला फक्त एवढंच विचारलं, “होडीला कुठं लावणार?” मी म्हटलं, “मागच्या बाजूला.” ते म्हणाले, “पाण्याच्या किती खाली?” मी गप्प. त्यांनी पान उलटलं.

तेव्हा मला तो प्रश्न खुसपट काढण्यातला वाटला होता. ड्रिल मशीन, क्लॅम्प, वायर ही मेकॅनिकची कामं, संशोधन त्यानंतर सुरू होतं, अशी माझी समजूत. आज माझं मत उलटं आहे. फिशफाइंडरच्या बाबतीत यंत्र होडीला बसवणं हाच संशोधनाचा अर्ध्याहून जास्त भाग आहे, आणि वरचं वाक्य नेमका तोच भाग गिळून टाकतं. हे का म्हणते ते सांगते.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात. पाण्यात बुडवलेला एक लहानसा डबा असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो खाली आवाजाची टकटक सोडतो. आवाज तळाला आपटून परत येतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजून, त्याला आवाजाच्या वेगाने गुणून, निम्मं करून खोली काढली जाते. मध्ये मासा आला तर त्याच्यावरूनही आवाज परततो, कारण बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि पाण्यातल्या आवाजाला हवेइतका मोठा अडथळा दुसरा नाही. युद्धनौकांवरच्या खोली मोजायच्या तंत्रातून जपानच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये हे मासेमारीसाठी पहिल्यांदा व्यवहारात आणलं. आज ते एवढं स्वस्त झालंय की फेलोशिपच्या कंटिन्जन्सीत बसतं. म्हणूनच ते आपल्या सिनॉप्सिसमध्ये शिरलं.

लक्षात घ्या, यंत्र खोली मोजत नाही. ते वेळ मोजतं. खोली हा त्याने केलेला हिशोब आहे, आणि त्या हिशोबातल्या काही गोष्टी तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाहीत.

आता यंत्रासोबत येणाऱ्या मॅन्युअलकडे या. एक गोष्ट कबूल करायला हवी, गद्य म्हणून ते मॅन्युअल आपल्या मेथडॉलॉजीच्या प्रकरणापेक्षा सरस आहे. त्यात सेंटिमीटर आहेत. ट्रान्सड्यूसर होडीच्या तळापेक्षा किंचित खाली हवा, पंख्यापासून लांब हवा, त्याच्यासमोरून बुडबुडे जाता कामा नयेत, वीज 12 व्होल्टच्या बॅटरीवरून फ्यूज लावूनच घ्यावी, मोटारीच्या वायरीसोबत त्याची वायर बांधू नये. प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवेपलीकडे आवाज जात नाही, म्हणजे स्क्रीन आंधळा.

पण मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची होडी आपली नाही. त्याची होडी फायबरची, मागची बाजू सपाट, तिथं इंजिन टांगलेलं. फायबर एकसंध असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच तळाला इपॉक्सीने चिकटवा, आवाज फायबरमधून आरपार जाईल, असंही ते सांगतं. विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला मी ज्या होडीत बसले ती पत्र्याची, वल्ह्याची, मागून निमुळती, आणि आत वीतभर पाणी साचलेलं. काही जण तर थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. पत्र्यातून आतून मोजण्याचा प्रश्नच नाही. पत्र्याला भोक पाडायचं कोणत्या तोंडाने सांगणार? ती त्या माणसाची रोजीरोटी आहे.

शेवटी आम्ही काय केलं, तर होडीच्या काठाला मधोमध एक लोखंडी पाइप उभा बांधला, वर दोन क्लॅम्प, खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. मागे न बांधता मध्ये बांधला, कारण वल्हवताना होडीचं टोक वर-खाली होतं, मध्ये कमी होतं. ज्या बाजूला वल्हं जास्त चालतं त्याच्या विरुद्ध बाजूला, कारण वल्ह्यानेही बुडबुडे होतात. हे दोन्ही निर्णय माझे नव्हते, होडीवाल्या काकांचे होते. पाइप सरळ उभा आहे का हे बघायला ओळंबा मात्र मी नेला होता, त्यामुळे थोडी इभ्रत राहिली.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर आकडा आला 3.1 मीटर. काकांनी दोरीला बांधलेला दगड सोडला, हाताने दोरी मोजली आणि म्हणाले, “ताई, साडेआठ हात हाय.” हात साधारण 45 सेंटिमीटरचा धरला तर 3.8 मीटर. सत्तर सेंटिमीटरचा फरक. आमच्याकडे विहीर परसात मोजतात, अर्ध्या परसाला कुणी फार मनावर घेत नाही. पण मी जलाशयात साठलेल्या गाळाचा हिशोब करायला निघाले होते. माझी पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? दगड चुकला, दोरी वाकडी गेली असेल. मशीन चुकेल असं मनात आलंच नाही. संशोधनाला निघालेल्या माणसाचा हा पहिला आजार, आकडा स्क्रीनवर उजळून दिसला की तो खरा वाटतो.

त्या सत्तर सेंटिमीटरचं पुढे काय झालं ते नीट बघा, कारण सगळी गोष्ट त्यात आहे.

दुसऱ्या दिवशी घरून जुना तवा नेला. त्याला तीन भोकं पाडून तीन दोऱ्या बांधल्या, म्हणजे तो आडवा राहतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून बरोबर 2 मीटर खाली, ट्रान्सड्यूसरच्या थेट खाली सोडला. दोरी भिजल्यावर आखडते किंवा ताणते, म्हणून माप स्टीलच्या टेपने घेतलं. स्क्रीनवर तवा स्वच्छ दिसला, पण 1.7 मीटरवर. मग पाइपवरची पाण्याची ओली रेघ बघितली. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या 28 सेंटिमीटर खाली होता. यंत्र स्वतःपासून खाली मोजत होतं, पाण्याच्या वरच्या पातळीपासून नाही. मॅन्युअलमध्ये यासाठी सेटिंग आहे, पण ते बसवण्याच्या प्रकरणात नाही, बरंच मागे, इतर सेटिंगच्या गर्दीत, आणि शब्द असे की वाटावं ऐच्छिक आहे. मासे पकडणाऱ्याला ते ऐच्छिकच आहे. संशोधकाला नाही. माझी मॅन्युअलबद्दल खरी तक्रार ही आहे. सरांनी विचारलेला ‘पाण्याच्या किती खाली’ हा प्रश्न म्हणजे हे 28 सेंटिमीटर. हे तव्याचं प्रकरण मी शोधलेलं नाही. जलसर्वेक्षण करणारे लोक खोलीमापक यंत्राची अशीच चाचणी घेतात, ठरावीक खोलीवर धातूची पट्टी किंवा पाटी सोडून. त्याला बार चेक म्हणतात. तव्याने भागतं.

28 गेले. 42 उरले. ते कुठं?

अॅल्युमिनियमची एक ताटली घेतली, तिलाही तीन दोऱ्या, मध्ये लहानसा खडा. ती सोडली, 3.4 मीटरला थांबली. म्हणजे यंत्राचे 3.1 आणि वरचे 28 सेंटिमीटर, जवळजवळ तेवढेच. काकांचा दगड मात्र 3.8 लाच. आता कळलं. दगड गाळात घुसत होता, ताटली गाळावर बसत होती. यंत्राची 200 किलोहर्ट्झची टकटकही गाळाच्या वरच्या थरावरूनच परतत होती. गोदावरीने आणलेली काळी माती पाण्यात बसली की वरचा थर कितीतरी दिवस खिरीसारखा राहतो. यंत्र खोटं नव्हतं, दगडही खोटा नव्हता, दोघांचा ‘तळ’ वेगळा होता. आणि त्या दोघांमधलं अंतर, सुमारे 40 सेंटिमीटर, ही त्या ठिकाणच्या मऊ गाळाची जाडी. म्हणजे ज्याला मी चूक समजून खोडणार होते तेच माझं निरीक्षण होतं. दगड होडीतून काढून टाकला असता तर हे कधीच मिळालं नसतं.

तुमच्या सिनॉप्सिसमधल्या वाक्यात ‘खोली’ असा शब्द आहे. कुठपर्यंतची खोली? गाळाच्या वरच्या थरापर्यंतची की कठीण जमिनीपर्यंतची? वाक्य सांगत नाही.

अजून एक जागा अशीच फसवी आहे, आवाजाचा वेग. गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे 1482 मीटर, 30 अंशाला 1509. बरीच साधी यंत्रं सरसकट 1500 धरून चालतात. आता हिशोब करा. खरी खोली 10 मीटर. हिवाळ्यात पाणी 20 अंशाला असताना यंत्र 10.12 दाखवेल, उन्हाळ्यात 30 अंशाला 9.94. तळ तोच, आणि चार महिन्यांत 18 सेंटिमीटर ‘गाळ’ साचला! जानेवारी आणि मे अशा दोन फेऱ्यांची तुलना करून कुणी निष्कर्ष काढला तर ग्राफ सुंदर येईल. त्यात सेटिंगमध्ये गोडं पाणी की खारं पाणी हे बघायचं राहिलं, तर 10 मीटरला आणखी 26 सेंटिमीटरपर्यंत फरक. उपाय फुकटचा आहे, थर्मामीटर न्या आणि तापमान लिहून ठेवा. दुरुस्ती घरी बसून करता येते. न लिहिलेलं तापमान मात्र परत आणता येत नाही.

पाण्याच्या पातळीचंही तेच. खोली म्हणजे त्या दिवशीच्या पाण्यापासूनची खोली. धरणावरच्या मोजपट्टीवरून त्या तासाची पातळी घेऊन त्यातून वजा केली तरच तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. विष्णुपुरी म्हणजे नदीपात्रात दरवाजे लावून अडवलेलं पाणी, उपयुक्त साठा 80.79 दलघमी. पावसाळ्यात वरून पाणी आलं की दरवाजे उघडतात, आणि सकाळची पातळी संध्याकाळी नसते. तीन दिवसांची मोजणी एकाच नकाशात घातली आणि पातळी लिहिली नाही, तर तो नकाशा तीन वेगवेगळ्या जलाशयांचा आहे.

तुम्ही म्हणाल, वीस-तीस सेंटिमीटरसाठी एवढा जीव काढायचा? एवढ्याने काय बिघडतं? तर विष्णुपुरीवरून थोडं लातूरकडे चला. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण धनेगावला, बीड जिल्ह्यात केज तालुक्यात. एकूण साठा 224 दलघमी, त्यातला 47 मृत साठा. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. सुरुवातीच्या गाड्या 10 वाघिणींच्या होत्या, नंतर 50 वाघिणींची गाडी आली, एका खेपेला साधारण 25 लाख लिटर. आता समजा तुम्ही 10 चौरस किलोमीटर पाणपसाऱ्याच्या कुठल्याही जलाशयाचं सर्वेक्षण केलं आणि सगळीकडे एकाच दिशेने 20 सेंटिमीटरची चूक राहिली. 20 लाख घनमीटर, म्हणजे 2 दलघमी, म्हणजे 200 कोटी लिटर. तशा 800 गाड्या. पाइप पाण्यात किती बुडाला होता हे न लिहिल्याने 800 गाड्या पाणी कागदावर गायब होतं किंवा तयार होतं. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात, ही खात नाही, कारण ती प्रत्येक आकड्यात सारखी बसलेली असते. शंभर जागी मोजा की दहा हजार जागी. सॅम्पल साइझ वाढवून ती जाणार नाही, हे संख्याशास्त्राच्या पेपरसाठीही लक्षात ठेवा.

जलाशयांच्या गाळाचं सर्वेक्षण आपल्याकडे नाशिकची मेरी ही संस्था करते, योग्य त्या यंत्रांनी. त्यांच्यासारखे अहवाल वाचताना आपण निष्कर्षाच्या तक्त्याकडे धावतो. आधी यंत्र, चाचणी आणि पातळीची पानं वाचा.

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग, ‘मत्स्यसाठा’. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

फिशफाइंडरच्या स्क्रीनवर माशाचं चित्र येतं ते चित्र माशाचं नाही. पाण्याच्या मध्ये कशावरून तरी आवाज परतला, आणि यंत्रातल्या प्रोग्रॅमने त्या जागी माशाचा छाप मारला. बुडालेल्या बाभळीची फांदी, गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडे, कुणाचं तरी लावून ठेवलेलं जाळं, सगळ्यांचा मासा होऊ शकतो. ते सेटिंग पहिल्यांदा बंद करा. मग कमानी दिसतात. पण स्क्रीनची आडवी बाजू ही लांबी नाही, वेळ आहे. होडी उभी असेल आणि खाली एकच रोहू निवांत थांबला असेल, तर स्क्रीनवर लांबलचक रेघ येईल. ‘मोठा मासा’ म्हणून तिचा फोटो प्रबंधात लावू नका.

आणि यंत्र बघतं तरी किती? 20 अंशाच्या शंकूचा तळाशी व्यास खोलीच्या साधारण 0.35 पट. 5 मीटर पाण्यात पावणेदोन मीटर. अशा पाण्यातून 1 किलोमीटर होडी चालवली, तर यंत्राने पाहिलेलं पाणी होतं सुमारे 4,400 घनमीटर. विष्णुपुरीच्या उपयुक्त साठ्याच्या अठरा हजारांत एक भाग. त्यातही पृष्ठभागाजवळचं पाणी दिसत नाही, आणि तळाला चिकटून असलेला मासा तळाच्या परतीच्या आवाजात मिसळून जातो. कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. म्हणजे आपण सोडत असलेल्या प्रमुख माशांपैकी दोन जाती नेमक्या यंत्राच्या दोन आंधळ्या पट्ट्यांत राहतात! होडी आली की काही मासे बाजूला सरकतात, ते वेगळंच.

माशांचा साठा ध्वनीने मोजता येतच नाही असं नाही. समुद्रात आणि मोठ्या सरोवरांत तो मोजतात. पण त्या यंत्रांत परत आलेल्या आवाजाची ताकद डेसिबलमध्ये नोंदवली जाते, आणि सर्वेक्षणाआधी होडीखाली टंगस्टन कार्बाइडचा ठरावीक मापाचा गोळा, बऱ्याचदा 38.1 मिलिमीटरचा, टांगून यंत्राचं कॅलिब्रेशन करतात. त्या गोळ्यावरून किती आवाज परत यायला हवा हे आधीच माहीत असतं. साध्या फिशफाइंडरमध्ये सेन्सिटिव्हिटी यंत्र स्वतःच कमी-जास्त करतं, चित्र छान दिसावं म्हणून. आपला तवा खोलीसाठी पुरतो, इथं पुरत नाही. मग काय करायचं? होडीवाले रोज जे पकडून काठावर आणतात त्याचं वजन करा, जाती लिहा, जाळ्याच्या फाश्याचं माप लिहा, किती तास जाळं पाण्यात होतं ते लिहा. उदगीरला आपलं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं जाऊन बोला. फिशफाइंडरचं चित्र त्याला जोड म्हणून असू द्या, पुरावा म्हणून नको.

इथं एक गोष्ट मॅन्युअलमध्ये असण्याचं कारणच नाही, पण आपल्या सिनॉप्सिसमध्ये हवी होती. आपल्याकडे जलाशयातली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते. मासे कुठं थांबतात, जुनी विहीर कुठं बुडालीय, डोह कुठं आहे, ही त्या लोकांची कमाई आहे, पिढ्यांची. काकांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, “ह्यो नकाशा कुणाकुणाला दावणार?” मी म्हटलं, प्रबंधात छापला जाईल, सगळ्यांना बघता येईल. ते वल्हवायचे थांबले नाहीत, पण त्या दिवशी आम्ही डोहाच्या बाजूला गेलो नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. प्रबंधात खोलीचा नकाशा असेल, माशांच्या जागांचा नसेल, असं आमचं ठरलं. त्यामुळे माझ्या आकड्यांत एक मोकळी जागा आहे, आणि ती का आहे हे मी लिहिलंय.

तर ते वाक्य आता असं झालंय. लांब आहे, समितीला आवडेलच असं नाही: ‘वल्ह्याच्या पत्र्याच्या होडीच्या मध्यभागी, वल्ह्याच्या विरुद्ध काठाला उभ्या पाइपवर 200 किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर पाण्याखाली मोजलेल्या अंतरावर बसवला जाईल, होडीतील माणसे बदलल्यास हे अंतर पुन्हा मोजले जाईल. दररोज मोजणीआधी व नंतर 2 मीटरवर धातूच्या पाटीने चाचणी घेतली जाईल. पाण्याचे तापमान व धरणावरील पातळी दर तासाला नोंदवली जाईल. ठरावीक ठिकाणी ताटली व दगड या दोन्हींनी खोली घेऊन मऊ गाळाची जाडी काढली जाईल. या यंत्रावरून मत्स्यसाठ्याचा अंदाज केला जाणार नाही.’

‘माणसे बदलल्यास’ हे नंतर घातलं. एकदा मैत्रीण सोबत आली, होडी चार सेंटिमीटर आणखी बुडाली, आणि अख्खा दिवस जुनाच आकडा वजा होत राहिला. ती वही तशीच ठेवली आहे, वर लाल पेनाने खूण करून.

निघण्याआधी दोन कामं विसरू नका. पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी, आणि सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट, होडीवाल्यासाठीसुद्धा. ते नको म्हणतील, तरी न्या.

मे महिन्यात पाणी उतरलं की ज्या काठाच्या पट्ट्यात मी हिवाळ्यात होडीतून मोजलं तो बराचसा उघडा पडतो. भेगाळलेली काळी जमीन, तिच्यावर चालता येतं. सिव्हिलच्या मित्राकडून लेव्हल आणि स्टाफ मागून ठेवलंय. त्याच जागांची उंची कोरड्यात घेणार आहे, यंत्राशिवाय. गाळ वाळला की आकसतो, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. किती जुळत नाहीत ते बघायचंय. काका म्हणाले, दगड घेऊन येतो.